शर्यत आणि काजलची हळद

९ नोव्हें., रवि.
पामबीच रोडवर सायकल, दोन फेऱ्या. वारा तोंडावर. परत येते तर खाली दादाच्या ओट्यावर बैठक. काजलच्या लग्नाची तारीख धरली. हळद ७ डिसेंबर. मी हेल्मेटसकट उभी. त्याच दिवशी माझी शर्यत: पोहणं, मग सायकल, मग धावणं, अलिबागच्या पुढे. दादाला वर्षभर माहीत आहे.
"त्या दिशी कसली शर्यत? तू आत्या हाय पोरीची."
भांडायचं होतं. पाहुणे होते. वर आले.

११ नोव्हें., मंगळ.
गेल्या वर्षी ह्याच शर्यतीत मला पाण्यातून उचललं. वेळ संपली, बोट आली, दोघांनी दंडाला धरून वर घेतलं. खाडीकाठची पोर, आणि पाण्यातून उचलली. गाव अजून हसतं. चूक माझीच. आमच्या खाडीत कुणी तोंड बुडवून पोहत नाही. समोरून ओंडका येतो की होडी, बघावं लागतं. अख्खी शर्यत तशीच पोहले, मान वर काढून. मान आखडली, वेग गेला.
आज तलावावर संगीता मॅडम (कोच, माझ्याहून लहान, जीभ तिखट): "ताई, कासव पण एवढी मान काढत नाही."
तोंड बुडवलं. नाकात पाणी. पुन्हा बुडवलं.

१६ नोव्हें., रवि.
वहिनी वर आली, डब्यात तांदळाची भाकरी. वहिनी डबा घेऊन आली की काहीतरी मागायचं असतं.
"हलदीला तू पायजेस. घरची बाई नाय दिसली त लोकां काय बोलतील?"
म्हटलं, शर्यत संपली की निघते, संध्याकाळी मांडवात.
"आनि आलीस का आतल्या खोलीत बस. तुला म्हाईत हाय ना."
माहीत आहे. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. विधवेचा हात हळदीला चालत नाही. म्हणजे मी हवी, हात नको. मसाला वाटायला मात्र हाच हात चालतो. इतका संताप आला की सहा किमी धावायचे होते, दहा धावले.

२० नोव्हें., गुरु.
महापेचं ऑफिस सुटल्यावर थेट तलाव. तोंड पाण्यात ठेवून पूर्ण अंतर, न थांबता. संगीता मॅडमनी आज कासव काढलं नाही. म्हणजे बरं झालं असावं.
काजल जिन्यात भेटली. "आत्या, पहिली हळद तू लाव." म्हटलं, तुझी आई? "आईला मी बघते."
बघेल कसली. आईपुढे ब्र काढत नाही. पण मलाच विचारलंन, दुसऱ्या कुणाला नाही.

२७ नोव्हें., गुरु.
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, उपास. सकाळी उरण रोडला सायकल, कंटेनरांची रांग, तोंडभर धूळ. परतताना डोळ्यापुढे अंधारी. घरी येऊन दोन अंडी खाल्ली. देवी समजून घेईल, वहिनीला कळायचं कारण नाही.
दादाला वेगळंच दुःख. "आगऱ्याचे हलदीला पनीर," म्हणतो आणि कपाळाला हात लावतो. मार्गशीर्षात मटण नाही. मुहूर्त त्यानेच धरला, आता भोगा.

५ डिसें., शुक्र.
सायकल गाडीला बांधली. दादा गेटवर.
"गेलीस त गेलीस. मंग हलदीला येव नको."
"येणार."
"हट्टी हायस."
"तुझीच बहीण."
गाडीत बसले, दार ओढून घेतलं.

७ डिसें., रवि.
पेणजवळ ट्रॅफिक. मागच्या सीटवर लिहितेय, अक्षर हलतंय.
पाण्यातून स्वतःच्या पायांनी बाहेर आले. बोट कुठे होती कोण जाणे, माझं तोंड खाली होतं. सायकल पंक्चर, शिव्या घालत ट्यूब बदलली. धावणं अर्धं चालणंच. पण वेळेत पोचले. पदक गळ्यात पडल्यावर रडले, भरपूर. कुणापासून लपवलं नाही.
काजलचे तीन मिस्ड कॉल. दादाचा एकही नाही. ड्रायव्हर म्हणतो अजून तास

८ डिसें., सोम., सकाळ
पोचले तेव्हा धवलारीण हळदीची गाणी म्हणत होती. मी शर्यतीच्या कपड्यांत, दंडावर मार्करने लिहिलेला नंबर. वहिनी आडवी आली. "आत चल. आंगोल कर."
तेवढ्यात काजल पाटावरून उठली. हळदीच्या नवरीने पाट सोडायचा नसतो. उठली, वाटी उचलली, माझ्यासमोर येऊन उभी. आईकडे बघितलंसुद्धा नाही.
लावली. तिच्या दोन्ही गालांना.
गाणं थांबलं. दोन बायका उठून गेल्या. काजल परत पाटावर बसली. मी आत गेले नाही, तिथेच तिच्या बाजूला बसले. बऱ्याच वेळाने धवलारणीने पुढचं गाणं धरलं.
वहिनी बोलत नाही. दादाने सकाळी चहा वर पाठवला, स्वतः आला नाही. जिना उलटा उतरावा लागतोय, मांड्या दगड झाल्यात. नंबर साबणाने गेला नाही, बोटांची हळदही नाही.
लग्न बाराला. हिरवी साडी काढलीय, तीन वर्षं कपाटात होती. पुढच्या रांगेत बसणार. गेल्या वर्षी बोटीने उचललं. बाराला कोण उठवतं ते बघते.