यांचं वजन, माझी दुपार

४ जुलै १९७७

हे गाडीवरून उतरले. खरं म्हणजे उतरवले गेले. रेल्वेच्या डॉक्टरांनी तपासलं – वजन ब्याण्णव, बी.पी. वर. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तपासतील. तोवर वजन खाली आणायचं आणि इंजिनांच्या शेडमध्ये हलकं काम करायचं. वीस वर्षं मालगाडी चालवणारा माणूस! ड्युटीवर न्यायची पेटी दाराआड ठेवली आणि बूट न काढता बाजेवर बसून राहिले.

सासूबाई म्हणाल्या, "मेलं का कोणी? तोंड कायले पाडून बसला गा बळीराम?" तरी हलले नाहीत.

मला वाईट वाटलं. पण सगळ्यात आधी मनात आलं ते हे नव्हतं. आधी आलं – शेड क्वार्टरपासून हाकेवर. म्हणजे आता रोज दुपारी हे घरी जेवायला.

माझी दुपार गेली.

५ जुलै

काल अर्धवट राहिलं. ऑक्टोबरच्या मॅट्रिकला मी बाहेरून बसते आहे. समोरच्या ओळीतल्या यमुताई शाळेतून रिटायर झाल्या, त्या दुपारी येऊन शिकवतात. इंग्रजी आणि गणित. रोज चार ओळी लिहीत जा, भाषा सुधारेल, असंही त्यांनीच सांगितलं. कुणाला दाखवायच्या नाहीत, त्यांनाही नाही. म्हणून खरं लिहिता येतं.

यांना परीक्षेचं माहीत आहे. "बस ना, मी काई नाई म्हनतो का," एवढंच म्हणाले होते. आठवड्यातले चार दिवस हे इटारसीकडे असत. घर गप्प असे. अडतिसाव्या वर्षी अभ्यास करायला गप्प घर लागतं.

८ जुलै

ओमप्रकाशभाऊ आले होते. तेही ड्रायव्हर, यांच्याइतकेच जाड, यांच्यासारखेच खाली उतरवलेले. पण तोरा असा की जणू बढती मिळाली. डॉक्टरांकडून एक छापील तक्ता आणलाय. कशात किती कॅलरी.

"भाऊ, दिवसाचे पंधराशे. बस्स. पंधराशेच्या आत जिलबी खा नाही तर गवत खा, बॉडीले फरक नाही पडत. एकदम हिसाब आहे."

सासूबाई आतून म्हणाल्या, "मानूस हाय का बैल हाय, कडबा मोजून टाकाले? ड्युटीवर मुक्कामाच्या त्या रनिंग रूममधल्या डालड्याच्या पुऱ्या खाल्ल्या, बिस्कुटं खाल्ली, म्हनून सुजला. घरचं साधंसुदं खाऊ दे. मोजाचं काई काम नाई."

दोघंही माझ्याकडे बघत होते. रांधणारी मी ना.

यांनी तक्ता निवडला. भिंतीवर लावला, आरशाच्या बाजूला.

१५ जुलै

आज पुस्तक उघडलं नाही.

१९ जुलै

सकाळपासून एकच प्रश्न – "याचे किती होते?" पोह्यांचे किती, चहाचे किती, आंब्याच्या लोणच्याच्या फोडीचे किती. मी पीठ वाटीने मोजते, तेल चमच्याने, आणि बेरीज करते. यमुताई म्हणाल्या, "चला, गणित तरी होतंय." मी हसले, पण हसायला बळ नव्हतं.

सोपं पडतं म्हणून हे ब्रेड खातात. ब्रेडवर आकडा ठरलेला असतो, भाकरीवर नसतो. सकाळी ब्रेड, दुपारी ब्रेड आणि अंडं, चहाबरोबर मोजून दोन बिस्किटं. हिशेब बरोबर येतो आणि तासाभरात पोट रिकामं. मग चिडचिड. आज मिठावरून ताट सारलं. मीठ बरोबर होतं.

माझी भाजी वेगळी, सासूबाईंची वेगळी, यांची वेगळी. तीन वेळा चूल, तीन वेळा भांडी.

२६ जुलै

वजन दोन किलो उतरलं. ओमप्रकाशभाऊंचं पाच! ते शेडभर सांगत फिरतात. हे मात्र चालताना भिंतीला हात लावतात. रात्रीचे आकडे दुपारीच संपवतात, म्हणून उपाशी निजतात.

सासूबाईंनी तक्ता काढला. फाडला नाही, घडी करून डब्यांमागे ठेवला. "आता माह्या हातचं खाशीन. माह्या हातचं खाऊन तुहा बाप कधी आजारी नाई पडला." हे पाट ओढून बसले. मला वाटतं भुकेनेच हार मानली.

३० जुलै

सासूबाईंचं जेवण खरंच चांगलं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, ताक. डालडा बंद, साखर बंद, मैदा बंद. दुपारी खाल्लं की संध्याकाळपर्यंत हे खायला मागत नाहीत. तोंडावर तरतरी आली. घरात आवाज खाली आले.

पण त्यांचे हात दुखतात, म्हणून भाकरी मी थापते. त्या चुलीपुढे बसून सांगतात.

९ ऑगस्ट

स्टेशनवरच्या मशीनवर वजन केलं. दीड किलो वाढलं.

सासूबाई म्हणाल्या, मशीन बिघडली. हे तिकीट हातात धरून उभे. मग हसायला लागले. महिन्याभरात पहिल्यांदा. "माय, चांगलं हाय म्हनून चार भाकरी खाल्ल्या मी. वरून तू तूप सोडलं. येता-जाता शेंगदाने."

"तूप घरचं होतं," त्या म्हणाल्या.

"घरचं तूप घरातच राह्यलं ना," हे पोटावर हात ठेवून म्हणाले.

मीही हसले. मग आठवलं, इंग्रजीचे तीन धडे तसेच पडलेत.

१३ ऑगस्ट

ओमप्रकाशभाऊ शेडमध्ये पडले. उभ्या उभ्या. डोकं रुळावर आपटलं, कपाळाला टाके घातले. त्यांची बायको प्रेमिला रडत आली, मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, काल काय खाल्लं? सकाळी चहा, दुपारी जिलबी, संध्याकाळी पुन्हा चहा आणि चार बिस्किटं. हिशेब पंधराशेच्याही खाली. प्रेमिला म्हणाली, "मी म्हणत होते वरण-भात खा. म्हणायचे, वरण-भात मोजता येत नाही." भाऊ डोळे मिटून पडले होते. आठ-नऊ किलो उतरलेत. चेहरा वाळून गेलाय.

घरी आले तर हे न जेवता बसलेले. मला म्हणाले, "देवकी, तूच सांग. मी कसं खाऊ?"

लग्नाला एकवीस वर्षं झाली. कसं करू, असं मला कधी विचारलं नव्हतं.

१४ ऑगस्ट

डब्यांमागून तक्ता काढला. सासूबाईंसमोरच. त्यांना म्हटलं, जेवण तुमचंच. फक्त मोजू. दोन भाकरी, तीन नाहीत. तेल दिवसाला तीन चमचे, त्यातच फोडणी. भाजी, ताक पाहिजे तेवढं. शेंगदाणे चटणीत, मुठीने नाहीत.

त्यांनी तक्ता उलटासुलटा करून पाहिला. मग तेलाच्या बुधलीकडे बघत म्हणाल्या, "चमचा कोनता? लहान का मोठा?"

२२ ऑगस्ट

आज हे लवकर आले. यमुताई बसलेल्या होत्या, वही उघडी होती, भाकरी व्हायच्या होत्या. यमुताई लगेच उठल्या. हे पाय धुऊन आले, आणि शांतपणेच म्हणाले, "देवकी, तू परीक्षा पुढच्या वर्षी दे ना. यंदा माही परीक्षा हाय."

मी वही मिटली. भाकर थापली. जाड झाली, कडेला फाटली. यांनी तीच खाल्ली आणि चांगली झाली म्हणाले.

२३ ऑगस्ट

यमुताईंना सांगितलं, यंदा नाही. त्यांनी कारण विचारलं नाही. "बरं," म्हणाल्या, चहा घेतला आणि गेल्या. त्यांची छत्री राहिली. पोचवायला मी गेले नाही.

५ सप्टेंबर

यांचं वजन शहाऐंशी. पँट कमरेला गोळा होते. हे डॉक्टरांना भेटून आले, बी.पी. उतरलंय. ओमप्रकाशभाऊ टाके दाखवत आमच्याकडे जेवायला आले. भाकर, चिवळीची भाजी, पातळ वरण. भाऊंनी विचारलंच, "वहिनी, मोजणं मोठं का जिन्नस मोठा? एक काय ते सांगा."

मी म्हटलं, दोन्हींपेक्षा रांधणारी मोठी, तिला विचारा दमली का. सगळे हसले. मी गमतीत बोलले नव्हते.

पण विचार करते तेव्हा वाटतं, भाऊ चुकले नव्हते आणि सासूबाईही चुकल्या नव्हत्या. जास्त खाल्लं की चांगलंही अंगावर चढतं. आणि वाईट खाल्लं की कमी खाणं निभत नाही, माणूस पडतो. एवढं कळायला माझा उन्हाळ्यानंतरचा सगळा वेळ गेला.

११ सप्टेंबर

सासूबाईंनी आज मला चुलीपुढून उठवलं. म्हणाल्या, "त्या मास्तरीनबाईले बलाव."

म्हटलं, कशाला?

"तू झोपेत इंग्रजी बोलून राहिली. मले भेव वाटते." मग भाकरीचं पीठ स्वतःकडे ओढलं. "मले कोनी शिकवलं नाई. शिकवतो म्हनलं असतं तं मी चूल सोडून गेली असती. जाय."

हात दुखतात त्यांचे. तीन भाकरी केल्या आणि मनगट धरून बसल्या. तेल मात्र चमच्याने मोजलं.

यमुताईंच्या दारात गेले. छत्री घेऊन. त्यांनी छत्री कोपऱ्यात उभी केली आणि विचारलं, "प्रिपोझिशनपर्यंत आलो होतो ना?"

२५ सप्टेंबर

सकाळी आणि दुपारी अभ्यास. सहा ऑक्टोबरला पहिला पेपर. उशीर झालाय, कळतं. गणित होईल. इंग्रजीचा भरवसा नाही. एकच धीर आहे – तपासणी झाली की हे गाडीवर जातील, मग घर पुन्हा माझं. नापास झाले तरी मार्चला बसता येईल, शांतपणे. हे पास व्हावेत म्हणून मी यांच्यापेक्षा जास्त जपते. आज स्वतःहून अर्धी भाकर कमी वाढली. नवऱ्यासाठी करते असं सगळ्यांना वाटतं.

३ ऑक्टोबर

हे पास झाले. ब्याऐंशी किलो. डॉक्टर म्हणाले, कागद करतो, सोमवारपासून गाडी घ्या.

हे सांगत होते आणि मला एकदम हलकं वाटलं. सासूबाईंनी गुळाचा खडा दिला यांच्या हातावर. यांनी अर्धा मोडून परत दिला. मग म्हणाले, "मी नाई म्हनलं."

"कायले नाई म्हनलं?" सासूबाईंनी विचारलं.

"गाडीले. डॉक्टरसायबाले म्हनलं, मले शेडमध्येच ठेवा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. हे खाली बघत बोलत राहिले. गेल्या हिवाळ्यात इटारसीच्या वाटेवर धाराखोहच्या घाटात गाडी चालवताना यांचा डोळा लागला होता. किती वेळ ते यांनाही माहीत नाही. जागे झाले तेव्हा सिग्नल मागे गेला होता. हिरवा होता म्हणून वाचले. कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही. "नुसतं वजनानं नाई उतरवलं मले. मीच भिऊन राहिलो होतो. आता घरी येतो, तुह्या हातचं येळेवर खातो, निजतो. तिकडं गेलो तं पुन्हा तेच होईन. मले घरीच राहू दे, देवकी."

सासूबाई रडल्या. मी आत गेले. त्यांना वाटलं मीही आनंदाने रडते आहे.

यांच्यावर दया आली. खूप आली. ती सगळी खरी. आणि तरी चुलीपुढे बसून एकच आकडा डोक्यात फिरत होता – रिटायर व्हायला अजून तेरा वर्षं. रोज दुपारी.

संध्याकाळी सांगून टाकलं. "तुमी जावे असं वाटत होतं मले. तुमी गेले असते तं मी शिकली असती." हे माझ्याकडे बघत राहिले. वीस वर्षं गाडीवर असताना घरी आपली कुणी वाट बघत नाही, असं यांच्या मनात कधी आलं नसेल. मला ते बोलायचं नव्हतं. पण दुसरं खरं माझ्याकडे नव्हतं.

"बरं," म्हणाले. उठून बाहेर गेले.

५ ऑक्टोबर

दोन दिवस बोलणं नाही. जेवतात, ताट उचलून मोरीत ठेवतात. पूर्वी ठेवत नसत.

६ ऑक्टोबर, सकाळ

आज घरात काही रांधलेलं नाही. पीठ डब्यात आहे, भाजी टोपलीत आहे. किती खायचं आणि काय खायचं, दोन्ही यांना आता येतं. मी पेपरला निघाले.