गल्लीकडची खोली

मंगळवार, ९ डिसेंबर २०२५. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. विशाखापट्टणमच्या लॉजवर खिडकीशी बसून लिहीत आहे. खिडकीतून गल्ली दिसते. मीच ही खोली मागून घेतली. मॅनेजर हसला, "सब लोग समुंदर मांगते, तुम गली मांगा!"

त्याला काय सांगणार? लग्न ठरलं तेव्हाच आमचं बोलणं झालं होतं, समुद्र पहिल्यांदा बघायचा तो दोघांनी मिळून. तिकिटंही दोन काढली. निघायच्या आदल्या दिवशी सुनीताच्या वडिलांचा पाय मोडला आणि ती उदगीरला गेली. "एकटे तरी जावा," म्हणाली. आलो. दोन दिवसांत सिंहाचलमचं मंदिर पाहिलं, प्राणिसंग्रहालय पाहिलं. बसमधून समुद्र येणार असं वाटलं की मान खाली. पण वास येतोच. तो बघण्यात धरायचा का?

आत्ताच तिचा फोन आला.

"बघितलाव का समुद्र?"

"न्हाई."

"दोन दिस काय केलाव मग?"

"वाघ बघितला."

ती लई हसली. मग मी खरं कारण सांगितलं.

"येडे हाव का तुमी? मला पाण्याचं भ्याव वाटतंय. वढ्यात बी आधी तुमीच उतरता, मग मी. जावा, किती पाणी हाय बघून या."

वास आत्ताही येतोय. उद्या सकाळी जातो. गुडघ्यापर्यंतच. पुढचं ती आल्यावर.