थंडीची चाचणी

१ ऑगस्ट १९९५, मंगळवार

मोडली पट्टी! एका टोल्यात, खडीसाखरेसारखी. तुकडे तसेच नेऊन अण्णाच्या टेबलावर ठेवले.

अण्णाच्या कारखान्यात आजवर चाकांच्या स्केटिंगसाठी मनगटाचे गार्ड शिवत होतो. तळहाताखाली प्लास्टिकची पट्टी, वरून कापड. आता जर्मनीच्या गिऱ्हाइकाला तेच स्नोबोर्डिंगसाठी हवेत — पोरं फळीवर उभी राहून बर्फाच्या उतारावरून घसरतात आणि पडताना आधी हात टेकतात. त्यासाठी वेगळं मानक अजून नाहीच म्हणे. स्केटिंगचीच चाचणी लावा, असं त्यांनी कळवलं. लावली. वजन टाकलं, सगळे गार्ड पास.

पण चाचणी केली कुठे? बंगळूरच्या हवेत, पंख्याखाली! आमच्यात बर्फाचा डोंगर पाहिलाय कुणी? आमचा बर्फ उसाच्या रसातला. मलाही हे काल सुचलं, तपासणी माझ्याकडे असून. म्हणून यशवंतपूरच्या बर्फाच्या कारखान्यात गार्ड ठेवून आले होते. आज बाहेर काढून हातोडा घातला.

३ ऑगस्ट

अण्णा भडकलाय. गिऱ्हाइकाने मागितलं नाही ते आपण कशाला उकरायचं, असं त्याचं म्हणणं. तसा चुकत नाही तो — नियमात थंडीचा शब्दच नाही.

पण मोडलेल्या पट्टीच्या कडेवरून मी बोट फिरवून पाहिलं. रक्त आलं. हीच कड तिकडे एखाद्या पोराच्या मनगटात शिरणार. सही करणार नाही, सांगून टाकलं. माझ्या सहीशिवाय माल निघत नाही.

५ ऑगस्ट

अण्णाकडे जेवायला गेले, तर क्षमावहिनी वाढता वाढता म्हणाली, घरच्याच माणसाने अडवायचं का? अर्ध्या ताटावरून उठले.

१० ऑगस्ट, राखीपौर्णिमा

जायचं नाही असं ठरवलं होतं. गेले. मल्लेश्वरमला, अण्णाच्या घरी. राखी बांधली, ओवाळलं, तर अण्णाने खिशातून काढून तबकात ठेवली — प्लास्टिकची पट्टी!

"ही तुझी ओवाळणी," म्हणाला. "थंडीत न मोडणारं प्लास्टिक आहे. गोणी मागवलीय. आता स्वल्प हस की, अहल्या."

हसले कुठली, रडलेच. मनातल्या मनात काय काय बोलले होते मी त्याला! लाज वाटली. माझा अण्णा तो. वहिनीने पुरणपोळीवर तूप जरा जास्तच वाढलं.

१२ ऑगस्ट

नव्या पट्ट्यांचे गार्ड अण्णाने स्वतः आणून दिले. बर्फात ठेवले, मग हातोडा घातला. वाकले, मोडले नाहीत! पुन्हा घातला. नाहीच मोडले.

तपासणीच्या दाखल्यावर सही केली. त्याच्या प्रती खोक्यांत घालायच्या आहेत. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

२१ ऑगस्ट, सोमवार

माल शुक्रवारी मद्रासहून जहाजावर चढला.

आज गोदाम सांभाळणाऱ्या देवाप्पाने हाक मारली. "अक्का, नव्या पट्टीची गोणी भरलेलीच आहे. तुमच्या तपासणीला वरची मूठभर काढली तेवढीच. बाकी माल जुन्या पट्ट्यांतच भागला. अण्णा परत पाठव म्हणतात. पाठवू ना?"

सरी, पाठव, म्हणाले. दुसरं काय म्हणणार? खोक्याखोक्यात माझी सही आहे.