आप्पाची वाळू

१० जुलै, गुरुवार. गुरुपौर्णिमा.
हिशेबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरी राहतात. पुढून हिशेब, मागून ही रोजनिशी. कोणी वाचायची नाही. वाचली तरी खरं तेच वाचेल.
आज देवापुढे बसून निश्चय केला: इंजिन या विषयावर या घरात माझ्याकडून एकही शब्द निघणार नाही. त्या लोखंडी डुकराला माझ्या तोंडून निघायचीसुद्धा लायकी नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
यांनी हात न धुता ताट ओढलं. बोटांना काळं ग्रीस. इंजिनबद्दल बोलावं लागलं. अर्धा तास. निश्चय उद्यापासून.

१३ जुलै, रविवार.
फेरीचा दिवस. बंद पडलेल्या तेलगिरणीची साईडिंग, म्हणजे गिरणीचे स्वतःचे रूळ, साडेतीन किलोमीटर, गिरणीपासून नाल्याच्या पुलाच्या पलीकडे. पूर्वी सरकीच्या वाघिणी जायच्या, आता माणसं जातात. दोन डिझेल इंजिनं आहेत. एक चालतं. दुसरं चालणाऱ्याला आपले अवयव देत उभं आहे, उकिरड्यावरच्या म्हशीसारखं. याला म्हणे हेरिटेज. सुरतेहून लोक गाड्या करून येतात, इंजिनाला टेकून फोटो काढतात, डिझेलचा धूर नाकात घेतात आणि टाळ्या वाजवतात. आमच्या घरी स्टोव्हचा धूर झाला की हीच माणसं नाकाला रुमाल लावतील.
हे रेल्वेच्या डिझेल शेडमधून रिटायर झाले. मला वाटलं, आता घरी बसतील, माळ ओढतील. यांना गिरणीतले जुने फिटर मेहबूबभाई घेऊन गेले, ते आजतागायत. इंजिनाचं नाव आप्पा. मेहबूबभाईंनी ठेवलं. कारण काय, तर सकाळी लवकर उठत नाही, उठलं की आधी खोकतं, मग धूर सोडतं आणि मग कोणाचं ऐकत नाही. माझ्या सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणत. मी हरकत घेतली. हे म्हणाले, वर्णन जुळतंच आहे ना.
आज शिट्टी दोन मिनिटं उशिरा वाजली. मी काही लक्ष ठेवत नाही. भाकरी तव्यावर टाकायची वेळ त्यावरून कळते, एवढंच.

१६ जुलै, बुधवार.
आजपासून यार्डात डबा जाणार नाही. भूक लागली की इंजिन आपोआप सुटेल. माणसाचा स्वभाव मला चांगला कळतो.

१७ जुलै, गुरुवार.
हे दुपारी आले नाहीत. संध्याकाळी आले ते ढेकर देत. मेहबूबभाईंच्या बायकोनं, नजमुन्निसानं, दोघांचा डबा पाठवला होता. वांग्याचं भरीत. यांनी तीनदा सांगितलं की भरीत वांग्याचं होतं, जसं काही मी आजवर भोपळ्याचं घालत होते.

१८ जुलै, शुक्रवार.
डबा पाठवला. चार पुडांचा. घरात शेवभाजी जास्त झाली होती, अन्न वाया जाऊ नये.

२० जुलै, रविवार.
शहाण्या माणसानं कागदावर भांडावं. साईडिंगची जागा ज्या संस्थेची, तिच्या साहेबांना पत्र लिहिलं. इंजिन म्हातारं आहे, पावसात रूळ ओले असतात, नाल्याची चढण अवघड आहे, जनतेच्या जिवाशी खेळ चालला आहे. खाली सही नाही. फक्त 'एक हितचिंतक'. मॅट्रिकला माझं अक्षर पाहून मास्तर दुसऱ्यांना दाखवत, पण ते इथल्या कोणाला माहीत असायचं कारण नाही.

२३ जुलै, बुधवार.
साहेबांनी पत्र यांनाच आणून दाखवलं. गावात हितचिंतक आहे हे ऐकून साहेबांना आनंद झाला म्हणे. गुरुवारी, ३१ तारखेला कमिटी येणार. तीन डबे भरून माणसं, ओले रूळ, नाल्याची चढण. आप्पा चढला तर परवानगी कायम. नाही चढला तर सोमवारी भंगारवाल्याचा ट्रक, दोन्ही इंजिनं तोडून नेणार.
यांनी पत्र दोनदा वाचलं. अक्षर सुंदर आहे, म्हणाले, आणि घडी घालून फायलीत ठेवलं. बिचाऱ्यांना काहीच कळत नाही.

२४ जुलै, गुरुवार. दिव्यांची अमावास्या.
दिवे घासले, उजळले. कानबाई आईला नवस बोलले: त्या लोखंडी डब्याला भंगाराची वाट दाखव, पाच सवाष्णी जेवू घालीन. कानबाईचा सण दहा दिवसांवर आला आहे, तोपर्यंत आईला वेळ असेलच.
परवानगी गेली तर हे काय करतील हा विचार एकदा मनात आला. माळ ओढतील. मी बाजारातून नवी आणीन.

२८ जुलै, सोमवार.
उद्या नागपंचमी, उद्या तवा ठेवायचा नाही. म्हणून लाह्या आजच फोडल्या. लाह्यांना बारीक कोरडी वाळू लागते. बाहेर सगळा चिखल. मग आठवलं, पडवीतला पत्र्याचा पिंप. ती आप्पाची वाळू. चाक घसरलं की इंजिनाखालच्या नळीतून रुळावर थोडी थोडी सोडतात, मग चाकाला पकड येते. मे महिन्यात यांनी आणि मेहबूबभाईंनी ती चार वेळा चाळली, माझ्या बिबड्यांच्या पापडांची जागा अडवून आठ दिवस गच्चीवर वाळवली. दळलेल्या पिठासारखी. इंजिनाला एवढे लाड आणि मला पावसाळ्यात नदीची ओली वाळू? पिंप उघडला.
लाह्या अशा फुलल्या की मोगरा लाजावा. कढई तापलीच होती, म्हणून त्याच वाळूत मिठाच्या पाण्यातले शेंगदाणेही भाजले. खारे. दोन शेर. काम झाल्यावर वाळू पुन्हा पिंपात. वस्तू होती तिथे ठेवावी, ही माझी सवय.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी.
वारुळाला जाऊन आले. शेंगदाण्यांचं कौतुक झालं. शेजारच्या मीनाबाईनं रीत विचारली, मी अर्धीच सांगितली. हे दोन्ही खिसे भरून यार्डात गेले. जाताना पिंप सायकलवर बांधून नेला.

३१ जुलै, गुरुवार. सकाळ.
मी जाणार नाही.

३१ जुलै, रात्र.
गेले. मीनाबाईनं ओढत नेलं. डबे भरायला वजन पाहिजे होतं, आमचं भजनी मंडळ बसवलं. मंडळात वजनाची कमतरता नाही.
साहेब छत्रीत. हे इंजिनात, अंगात इस्त्रीचा शर्ट. तो शर्ट चंदनच्या लग्नात शिवला होता, लेकाच्या लग्नानंतर पुन्हा अंगाला लागला नव्हता. आप्पा खोकला, उठला, निघाला. बायका भजन म्हणायला लागल्या. मी टाळ धरला नाही. नंतर धरला, ताल चुकत होता म्हणून.
नाल्याची चढण आली. पाऊस बारीक. चाकं जागच्या जागी फिरायला लागली, खालून किरकिर, धूर काळा. यांनी वाळूचा दांडा ओढला. पुन्हा ओढला. मेहबूबभाई खाली उतरून नळीवर हातोडीनं ठोकत होते. वाळू येईना. गाडी मागे सरकली. सगळ्यांना उतरवलं. भजनी मंडळ चिखलातून चालत घरी.
साहेब म्हणाले, पाहिलं मी. शनिवारी एक संधी अजून देतो, पण ट्रकवाल्याला मी सांगून ठेवलं आहे.
मी बरोबर होते. पहिल्या दिवसापासून बरोबर होते. आई धावली.
हे चाकाजवळ उभे होते. छत्री होती, उघडली नाही. रात्री जेवले नाहीत. भरीत केलं होतं. वांग्याचं.

१ ऑगस्ट, शुक्रवार.
सकाळी नऊला मेहबूबभाई आले. उंबऱ्याबाहेर उभे राहिले, आत बोलावलं तरी येईनात. हातात कागदाची पुडी. हे दाढी करत होते. पुडी उघडून पायरीवर ठेवली. ओल्या वाळूचा गोळा, विटेसारखा घट्ट. त्यात रुतलेली एक लाही. पांढरीशुभ्र, फुललेली.
"वहिनी," म्हणाले, "आप्पानी नागपंचमी करी."
मी म्हटलं, असेल कोणाच्या तरी घरची. त्यांनी वाळूचा कण जिभेवर ठेवून दाखवला. खारट. मिठानं हवेतलं पाणी ओढलं, वाळूचा दगड झाला, नळी बंद पडली. इतकं समजावून सांगायची गरज नव्हती, मी मॅट्रिक आहे.
हे अर्ध्या दाढीनं पुढे आले. मी वाट पाहत होते. लग्नाला चौतीस वर्षं झाली, यांनी कधी आवाज चढवला नाही, आज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. मग मीही चढवला असता.
लाही उचलून पाहिली. म्हणाले, "शेंगदाणे मात्र चांगले भाजले होते."
आणि राहिलेली दाढी करायला गेले.

त्याच दिवशी, दुपार.
कोणी सांगितलं नाही, मागितलं नाही. मेहबूबभाईंनी नवी वाळू चाळून आणून ठेवली होती, ओली. चूल पेटवली. लोखंडी कढई, लाकडी उलथनं. पाच घमेली भाजली. वाळू कधी झाली हे लाह्या फोडणाऱ्या बाईला विचारावं, डिझेल शेडला नाही: उलथनं आपोआप सरकतं, आवाज बदलतो, वाफ थांबते. मेहबूबभाई बघत उभे राहिले. एवढी कोरडी वाळू म्हणे गिरणीच्या चांगल्या दिवसांतही नव्हती. मला त्यांच्या सर्टिफिकेटची गरज नाही.
मीठ ताकाच्या मडक्यामागे, वरच्या फळीवर ठेवलं आहे.
कानबाईला सांगितलं की मागच्या नवसाचं एवढं मनावर घेऊ नये, ती बोलण्याची पद्धत होती.

२ ऑगस्ट, शनिवार.
आप्पा चढला. वाळू नळीतून साखरेसारखी पडत होती. मी मुद्दाम खिडकीतून वाकून पाहिलं, वाळूसाठी, दुसरं काही नाही. पुलापलीकडे गाडी थांबली तेव्हा भजनी मंडळानं आरडाओरडा केला. मी केला नाही. घसा बसला आहे तो कालच्या चुलीच्या धुरानं.
साहेबांनी सही केली. सोमवारचा ट्रक रद्द केला. यांनी साहेबांकडे माझी ओळख करून दिली, या आमच्या हितचिंतक. साहेबांना काही कळलं नाही. मला कळलं. पत्र यांनी फायलीत उगाच ठेवलं नव्हतं, अक्षर ओळखलं होतं.
ठराव झाला: पावसाळाभर दर आठवड्याला दोन घमेली वाळू भाजायचं काम माझ्याकडे. मला विचारलं नाही. मी नकार देणार होते, पण आज शनिवार, कोणाला नाही म्हणू नये.
नवस फळला नाही, म्हणजे पाच सवाष्णींचा स्वयंपाक वाचला.
उद्या कानबाई. संध्याकाळी कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू मोजले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावे सव्वा मूठ. चक्की आधी धुवून घ्यायला लावली, मग दळलं.

३ ऑगस्ट, रविवार. कानबाई.
पहाटे चंदन आणि सून चेतना सुरतेहून आले, कडेवर नातू. घरातले पुरुष तीन: हे, चंदन, नातू. पीठ मळायला घेतलं. जास्त वाटलं. मापानं पुन्हा मोजलं. चार जणांचं.
माझी मोजणी चुकत नाही. वहीत एकदाही खाडाखोड नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. काल दमले होते. कानात इंजिनाचा आवाज होता.
हे चौरंगाला केळीची पानं बांधत होते. पीठ पाहिलं, मनातल्या मनात मोजलं, हसू दाबलं. म्हणाले, "चौथा आप्पाना का?"
मी म्हटलं, मोजताना हात चुकला.
 चौतीस वर्षांत पहिल्यांदा हात चुकला, एवढंच म्हणाले.
रोट घराबाहेर देत नाहीत. चौथा झाकून ठेवला आहे. आज यांनी फेरी बंद ठेवली, पण आप्पाला एकदा चालू करून तपासायला गेले आहेत. आता इथवर खोकल्याचा आवाज आला. पाच मिनिटं लवकर आहे. मी काही लक्ष ठेवत नाही.
पुढच्या वर्षी गहू नीट मोजायचे.