दुसऱ्याची हजेरी

बाबा,

“दुसऱ्याची हजेरी लावाची नाई. कोणाचीच नाई.” तुम्ही हे म्हणालात तेव्हा मी सातवीत होते आणि माझ्या गालावर तुमची चार बोटं उमटली होती. लाल नव्हे, काळी. तुम्ही माजरीच्या कोळशाच्या खदानीतून पहिली पाळी करून नुकतेच घरी आला होता, हातसुद्धा धुतले नव्हते. माझी मैत्रीण त्या दिवशी तिच्या मावशीकडे पोंभुर्ण्याला गेली होती. गुरुजींनी तिचं नाव घेतलं आणि मागच्या बाकावरून मीच आवाज बदलून ‘हजर’ म्हटलं. सगळा वर्ग तोंड दाबून हसला. ती गंमत मीच तुम्हाला दारात उभी राहून सांगत होते, तुम्हीही हसाल म्हणून. त्याआधी तुम्ही मला कधी मारलं नव्हतं, त्यानंतरही कधी नाही. आई शेगडीपासून उठून आली, पदराने माझा गाल पुसायला लागली, तर काळं आणखीच पसरलं. “एवढ्याशा गोष्टीपायी पोरीले मारता का जी? खदानीतला राग तिथीच ठेवून येत जा नं.” तुम्ही ताटावर बसलात, घास मोडला आणि तसेच उठलात. मला मारापेक्षा त्या मोडलेल्या घासाची भीती वाटली होती.

त्या घासाचा अर्थ तुम्ही फार उशिरा सांगितलात, निवृत्त झालात त्या दिवशी. हार, नारळ, शाल सगळं खाटेवर टाकून तुम्ही खिशातून पितळेचं टोकन काढलंत. खाली उतरणाऱ्यांना दिवे देणाऱ्या बत्तीघरातल्या बाबूने आठवण म्हणून दिलं होतं. त्यावरचा तुमचा नंबर घासून घासून जेमतेम वाचता येत होता. खाली उतरताना फळ्यावरचं आपलं टोकन काढून खिशात टाकायचं, वर आल्यावर त्याच खिळ्यावर टांगायचं. खिळा रिकामा म्हणजे माणूस खाली. हे मला लहानपणापासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते काकांचं. तुमचे जोडीदार, आपल्या शेजारच्या क्वार्टरमधले, कुबडी घेऊन चालणारे काका. मला मारलंत त्याच्या बरंच आधी एकदा पाळी सुटल्यावर ते विसरलेला डबा आणायला मागे वळले आणि आपलं टोकन तुमच्या हातात देऊन गेले. फळ्यापाशी गर्दी होती. त्यांना पुन्हा रांगेत उभं राहायला लागू नये म्हणून तुम्ही दोन्ही टोकनं टांगून घरी आलात. बाजूची भिंत ढासळून त्यांचा पाय दबला होता आणि दुसऱ्या पाळीची माणसं त्या वाटेने जाईपर्यंत कोणी त्यांना शोधलं नाही; पाय कापावा लागला. “फळ्यावर तं तो वर होता,” तुम्ही म्हणालात. “वर असलेल्या माणसाले खाली कोण धुंडते?” मी म्हटलं, बाबा, तुम्ही तर त्यांच्या भल्यासाठीच टांगलं होतं. तुम्ही टोकन पुन्हा खिशात टाकलंत. “भल्यासाठी टांगलं म्हणूनच तं सांगून राह्यलो तुले.”

निवृत्तीनंतर आईला केदारनाथला न्यायचं होतं तुम्हाला. आधी वरोऱ्याचं घर बांधून होऊ दे म्हणालात, मग माझं लग्न होऊ दे, आणि मग तुमचा दमच तुमच्या ताब्यात राहिला नाही. शेवटच्या दिवसांत तुम्ही पाठीमागे तीन उशा घेऊन बसून झोपत होता. तुम्हाला जाऊन आता वीसेक वर्षं होतील. आईने ते टोकन देवघरात ठेवलं होतं, रोज हळदीकुंकू लावायची. ती मनात एकच गोष्ट धरून होती. “सारा जनम जमिनीच्या खालती गेला त्यायचा. एकदा तरी त्यायले सगळ्यात वरती नेऊन ठेवतो.” मी दरवर्षी पुढे ढकलत होते, तुमचीच मुलगी. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने स्वतःच पिशवी भरून ठेवली. स्वेटर, लवंगा, भाजलेले शेंगदाणे आणि रुमालाच्या गाठीत टोकन, म्हणजे तुम्ही. डॉक्टरने तपासलं, गोळ्या दिल्या, सावकाश जा म्हणाला. अडुसष्ट वर्षांची बाई, जिने आयुष्यात जंगलातल्या टेकड्यांपलीकडे डोंगर पाहिला नव्हता, ती रेल्वेच्या खिडकीतून मी शिकवते त्या वर्गातल्या पोरीसारखी बाहेर पाहत होती.

डोळे मिटले की मी केदारनाथच्या त्या वाटेवर आहे. सकाळचं ऊन आहे, खाली नदीचा आवाज आहे, खेचरांच्या गळ्यातल्या घंटा आहेत, लिदीचा वास आहे. आई पुढच्या खेचरावर आहे आणि मोठमोठ्याने हसते आहे. “बाप्पा, हे जनावर तं मले थेट सरगातच नेऊन राह्यलं!” इतकं हसताना मी तिला कधी पाहिलेलं नाही, आणि मला आनंद होतो आहे. खदानीतल्या खराब हवेबद्दल तुम्ही काय सांगायचात ते मला त्या वेळी आठवायला हवं होतं. “हवा लागलेला माणूस कधी म्हणत नाई का मले लागली. तो हसते, नाईतं भांडते. त्याचं काही ऐकाचं नाई, बखोट धरून बाहेर काढाचं.” थोडं पुढे गेल्यावर ती उलटी करते. तिला उतरवून चहाच्या टपरीत बसवायला नेते तेव्हा ती सरळ रेषेत चालत नाही, पण भांडायला तयार आहे. मला काही झालं नाही, डोकं तेवढं ठणकतं आहे, तू मला लहान पोर समजतेस का. टपरीवाला माझ्याकडे पाहून म्हणतो, “माताजी को नीचे ले जाओ, दीदी. ऊपर और तकलीफ होगी.” मंदिर आता तासाभराच्या अंतरावर आहे. आई रुमालाची गाठ सोडते, टोकन माझ्या तळहातावर ठेवते. “तू जा. त्यायले ठेवून ये. मी इथीच बसतो.” मी तिच्या अंगावर माझी शाल टाकते, टपरीवाल्याला लक्ष ठेवायला सांगते, आणि जाते.

वर काय आहे ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तुम्हीही माझ्या मुठीत होता. दोन्हीकडून उतरत आलेले डोंगर, मागे नजर ठरणार नाही असं पांढरं शिखर, आणि त्यापुढे करड्या दगडांचं ते देऊळ. सजवलेलं नाही, नुसतं उभं. पायाखालच्या फरशीने तळवे बधिर झाले. रांग हलत नव्हती. नंदीपाशी पोचले, त्याच्या पाठीवर हात ठेवला, बर्फच. तिथे मी मूठ उघडली. नंबर दिसला आणि एकदम कळलं की मी कोणाचं टोकन टांगायला आले आहे, आणि खाली कोणाचा खिळा अजून रिकामा आहे, आईचा. बाबा, त्याच क्षणी मी रांग सोडून पळाले असं मी सगळ्यांना सांगते. तसं नाही. माझ्यापुढे जेमतेम वीस माणसं उरली होती. मी रांगेतच थांबले. आत गेले, ओल्या दगडाला कपाळ टेकवलं, पिंडीला तूप चोळलेले हात केसांना पुसले. तुम्हाला मात्र तिथे ठेववलं नाही. तुम्ही माझ्यासोबतच खाली आलात.

मी परत आले तेव्हा आईचे ओठ जांभळे झाले होते. तिने मला ओळखलं नाही. मला ‘माय’ म्हणाली, पोंभुर्ण्याच्या तिच्या आईला मारावी तशी हाक मारली, आणि गाय बांधली का म्हणून विचारलं. टपरीवाल्याने तोवर मदत केंद्रावर निरोप धाडला होता. डोलीतून तिला खाली आणलं, नाकाला प्राणवायूची नळी लावली, पुढे दोन दिवस खालच्या गावातल्या दवाखान्यात. आणखी उशीर झाला असता तर, इतकंच तिथली डॉक्टरीण बोलली आणि मला बाहेरच्या बाकावर बसवून पाणी दिलं. रात्रंदिवस आई एकच विचारायची, “कसं होतं वं तिथी?” मी सांगायचे. शिखर, नंदी, गार फरशी, तूप, घंटेचा आवाज, आणि तुम्हाला देवापाशी ठेवलं हेही. झोपेत असली तरी सांगायचे. गप्प बसले तर माझं मलाच काही तरी ऐकू यायला लागायचं.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी शेजारणी आल्या. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते आणि बाहेरून आईचा आवाज आला. “नंदीच्या पाठीवर हात ठेवला तं बरफच! अन् फरशी अशी गार, पाय काही माहे वाटेचनात. त्यायले ठेवलं देवापाशी. आता बसा म्हटलं निवांत, इथी हवाच हवा हाये.” माझ्या हातातली साखर ओट्यावर सांडली. तिला आठवत नाही, दवाखान्यात ऐकलेलंच तिला आपलं वाटतं आहे, असं मी स्वतःला सांगितलं आणि चहा घेऊन बाहेर गेले. एकीने विचारलं, एवढं चढताना भीती नाही वाटली का बाई? आईने कप घेतला, माझ्याकडे पाहिलं, सरळ, दवाखान्यातल्यासारखं धूसर नाही. “भीती काऊन वाटंल? माह्या पोरीनं एक मिनिट सोडलं नाई मले.”

तेव्हापासून मला झोप नाही, बाबा. ती विसरली आहे की तिला सगळं आठवतं आहे? विसरली असेल तर मी तिच्या खोट्या आठवणीवर दररोज मान डोलावते आहे. आणि आठवत असेल तर ती माझी हजेरी लावते आहे, गावभर, मागच्या बाकावरून आवाज बदलून. मी शाळेत रोज पन्नास पोरांची नावं घेते. कोणाचा ‘हजर’ कोणाच्या तोंडून येतो ते मान वर न करता ओळखते. घरात मला ओळखता येत नाही.

उद्या तिने मावंदं ठेवलं आहे. यात्रेहून आलेल्या माणसाने गावजेवण घालायचं, आणि ज्यांना जाता आलं नाही त्यांनी त्याच्या पाया पडायचं. ज्याचे पाय तिथवर गेले त्याच्याच पाया पडायचं असतं. काल काका आले, इथे वरोऱ्यातही दोनच घरं पलीकडून, कुबडी टेकत. “काय वहिनी, देवानं ओळखलं का तुमाले? का म्हणे, हे कोळसेवाली इथी कुठी आली?” आई म्हणाली, “ओळखलं नं. उलट मलेच विचारे, तो कुबडीवाला काऊन नाई आला, डबा तं नाई विसरला?” दोघंही खोकला येईपर्यंत हसले. त्या डब्यावरून आपल्या घरात कोणी हसू शकतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. मग काकांनी कुबडी भिंतीला लावली. “उद्या मी पह्यल्यांदा पाया पडीन तुमच्या. माह्यानं तं जाणं होत नाई. तुमच्या पायानं माहंही गेल्यासारखं होईल.” आईने त्यांना नको म्हटलं नाही. ती खाली पाहत पातळाच्या निऱ्या सारख्या करत राहिली. तिचा चेहरा कसा झाला होता ते नक्की सांगता येत नाही, कारण मीही खालीच पाहत होते.

काकांना आज जाऊन सांगायला हवं. एवढ्या सगळ्या माणसांत त्यांना तरी. फळ्यावर वर दिसणारी बाई वर नव्हती, हे कोणाला कळायला हवं असेल तर काकांनाच. मी दोनदा चपला घातल्या आणि काढल्या. त्यांना सांगितलं तर आई खोटी पडते. तिला आठवत नसेल तर तिचं दर्शन जातं, आणि आठवत असेल तर तिने माझ्यावर टाकलेली शाल जाते. नाही सांगितलं तर एका पायाचा माणूस उद्या कमरेत वाकून, भिंतीला धरून, पुन्हा एकदा खोट्या टोकनापुढे उभा राहील. आणि या वेळी ते मी टांगलेलं असेल.

दुपार आहे. आई आत झोपली आहे, उद्याच्या बुंदीच्या लाडवांचा वास तिच्या हातांना आहे. तुम्ही माझ्यासमोर या कागदावर आहात, पितळेचे, दाबून ठेवायला. आईला वाटतं तुम्ही वर आहात, हवेत. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. मी खेचरावर बसले तेव्हा टपरीतून आईने हाक मारली होती. “पोरी, नोको जाऊ वं.” घंटांच्या आवाजात ऐकू आलं नाही, असं मी डॉक्टरणीला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, देवालाही सांगितलं. घंटा वाजत होत्या. पण मला ऐकू आलं होतं. मी मान वळवली नाही, कारण वळवली असती तर उतरावं लागलं असतं.

बाबा, उद्या आई पाटावर बसेल, काका वाकतील, आणि ती सगळ्यांसमोर पुन्हा म्हणेल की माझ्या पोरीने मला एक मिनिट सोडलं नाही. तिने लावलेली माझी ही एक हजेरी तेवढी राहू द्या. तुमचा घास मोडून ठेवलेला मला दिसतोच आहे. तरी मागते.