डाव्या खांद्याचे माप

उमरगा
शनिवार, २६ एप्रिल २०२५

ती. शांताक्कास,
शि. सा. न. वि. वि.

या आठवड्यात घडले ते क्रमाने लिहिते.

१. सोमवारी माझा उन्हाळी फॅशन डिझाइनचा वर्ग सुरू झाला. आठवी ते दहावीच्या वीस मुली आहेत. तुमची शिवप्रिया पहिल्या रांगेत बसते.
२. गुरुवारी मुलींनी जोडीजोडीने एकमेकींची मापे घेतली. शिवप्रियाची मापे मंजुषा नावाच्या मुलीने घेतली. खांद्याच्या टोकापासून कमरेला बांधलेल्या नाडीपर्यंत उजवीकडे ३८.६ सेंटिमीटर, डावीकडे ३६.५.
३. मंजुषा चुकली असे समजून मी स्वतः तीनदा माप घेतले. तेच आले.
४. शिवप्रियाला कमरेतून पुढे वाकायला सांगितले. मागून पाहिल्यावर पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा वर दिसते.
५. शुक्रवारी जुना कपडा उसवून तो कसा जोडला आहे ते पाहण्याचा पाठ होता. शिवप्रियाने नववीचा शाळेचा कुर्ता आणला. तो तुम्ही शिवलेला आहे. डाव्या खांद्याखाली, अस्तराच्या आत, फलालीनची गादी निघाली. जाडी १४ मिलिमीटर. उजवीकडे काही नाही. उरलेला फरक डाव्या मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतात तिथल्या, कापात मुरवला आहे.
६. मी उसवणे थांबवले. कुर्ता माझ्या कपाटात आहे.

फोन करत नाही. तुमच्या घरी सासूबाईंना ऐकू जावे म्हणून फोन स्पीकरवरच असतो, आणि तो शेजारच्या दोन घरांनाही ऐकू जातो.

शिवप्रिया म्हणते की दप्तर एकाच खांद्यावर अडकवल्यामुळे खांदा उतरला, असे आईने सांगितले आहे. ती हसत सांगते. तिला यात काही वावगे वाटत नाही.

अक्का, मी तुमची चुलत बहीण, सुई धरायला तुमच्याकडेच शिकले. मग तीन वर्षे पदविका केली आणि चार वर्षे सोलापूरच्या कारखान्यात पेपर कटिंग, म्हणजे कपड्यांचे कागदी साचे कापायचे काम, केले. असा कुर्ता कापणारा हात तिथेही पाहिला नाही. तो चुकून कापला जात नाही. म्हणून विचारते: तुम्हाला हे केव्हापासून माहीत आहे?

दाजींना नमस्कार, धाकट्या शुभांगीला पापा. या प्रश्नाने माझ्यावरची माया उणी होऊ नये.

तुमची,
शिवांजली


॥ ॐ नमः शिवाय ॥

सास्तूर
बुधवार, ३० एप्रिल

चि. अंजूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन दारात दाजींनाच भेटला आणि अंजलीचं पत्र म्हणजे लग्नाचीच बातमी म्हणाला. दाजी मला विचारायला लागले, पेढे कधी. मी म्हटलं, तिला नवरा पसंत पडायचा तर आधी टेप लावून बघंल, आणि एक सूत कमी भरला तरी परत पाठवंल.

आज बसवजयंती. सगळे मिरवणुकीला गेलेत, घरात मी आणि मशीन. लगीनसराईचे बेचाळीस ब्लाउज अंगावर आहेत. त्यातून उठून लिहितेय, तेव्हा अक्षराला नाव ठेवू नको.

प्रियाच्या खांद्याचं एवढं काय मनावर घेतलंस? दप्तरानं उतरलाय. वाढत्या अंगाला होतं तसं. आणि गादी म्हणशील तर अलीकडं सगळ्याच पोरी खांदे उचललेले मागतात. फॅशन तू शिकवतेस, तुला मी काय सांगू.

आता मी विचारते ते नीट सांग. तिला वाकवलंस ते वर्गात सगळ्यांसमोर, का आडोशाला? मापं कुठल्या वहीत लिहिलीस? ती वही रात्री कुणाकडं असते? आणि ही मंजुषा कुणाची? येणेगूरची तर न्हाय? तिथं आपली सोयरीक लई आहे. पोरींच्या तोंडून आयांकडं आणि आयांकडून सोयऱ्यांकडं जायला एक लग्न पुरतं. या महिन्यात तर रोज लग्न आहे.

ते पान फाडून टाक. कुर्ता होता तसा शिवून तिच्या पिशवीत ठेव. आणि तिला ते घेरदार झगे शिकवत बसू नको. ब्लाउज शिकव. स्वतःचं माप घेऊन स्वतःचा ब्लाउज कापता आला की झालं. त्यासाठीच महिनाभर तुझ्या घरी ठेवलीय.

लोहाऱ्याच्या गाडीच्या कंडक्टरकडं शेंगाच्या पोळ्या दिल्यात. जीव लावतेस तसा लाव, उगा खोदत बसू नको.

तुझी,
शांताक्का


उमरगा
मंगळवार, ६ मे

ती. शांताक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पोळ्या मिळाल्या. शिवप्रियाने पाच खाल्ल्या आणि सहावी माझ्या ताटात ठेवून ती उपकाराची म्हणून मोजली.

तुमच्या प्रश्नांची उत्तरे. वाकवले ते पडद्याआड. वही माझ्या पेटीत असते आणि पेटीला कुलूप आहे. मंजुषा मुरूमची आहे. आपलेच माप चुकले असे तिला वाटते आणि मी तसे वाटू दिले. एका मुलीला ती बरोबर असताना चूक ठरवले. हे तुमच्यासाठी केले, एवढे ध्यानात असावे.

पान फाडलेले नाही.

दप्तराचे तपासले. वर्गातल्या सात मुली दप्तर एका खांद्यावर घेतात. पाठीची रुंदी मोजायची आहे असे सांगून सातही जणींना वाकवून पाहिले. सगळ्यांच्या पाठी सपाट आहेत. शिवप्रिया मात्र दप्तर दोन्ही खांद्यांवर घेते. पहिल्या दिवसापासून पाहते आहे.

मुक्कामासाठी तुम्ही तिच्याबरोबर जुने कपडेही दिलेत. सातवीचा फ्रॉक ती घरात घालते. आठवीचा कुर्ता पिशवीच्या तळाशी होता. तिला विचारून दोन्ही पाहिले. गादीची जाडी सातवीत ४ मिलिमीटर, आठवीत ९, नववीत १४. तिन्हींत तुमचाच टाका आहे. तीन वर्षे तुम्ही तिच्या पाठीची नोंद ठेवत आला आहात, अक्का, आणि कोणाला वाचता येऊ नये म्हणून ती आतून शिवली आहे.

फॅशनची गादी दोन्ही खांद्यांना लागते.

आणखी एक. वर्गाला पाठवताना तिची हौस, पुढचे शिक्षण, यातले तुम्ही काही बोलला नव्हता. आता लिहिता की ब्लाउज कापता आला की झाले. ती रोज नवे चित्र काढते. काल जॅकेटाची तिरकी कॉलर काढली, ती मलाही सुचली नसती. त्याबद्दल तुम्ही एका अक्षराने विचारले नाही. म्हणून माझा तर्क असा: तिच्या अंगाला दुसऱ्या कोणी कधी टेप लावू नये, लग्नानंतरही लावू नये, यासाठी तिला वर्गाला घातले आहे. चुकत असेन तर तसे लिहा.

मी डॉक्टर नाही. नाव न सांगता सोलापूरच्या एका दवाखान्यात विचारले. अंग वाढते आहे तोवरच पाठीचा बाक रोखता येतो, असे म्हणाले. ती चौदा वर्षांची आहे.

घरातल्यांना नमस्कार. रागावला असाल तरी उत्तर लिहावे.

तुमची,
शिवांजली


॥ ॐ नमः शिवाय ॥

सास्तूर
रविवार, ११ मे

चि. अंजूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. दोनदा काढून वाचलं.

व्हय, माहीत आहे. सातवीत तिला न्हाऊ घालताना दिसलं. लातूरला अस्तर आणायला जाते असं घरी सांगून एका डॉक्टरला दाखवलं. प्रियाला सांगितलं, शाळेची तपासणी आहे. ते म्हणाले, आधी पाठीचा एक्स-रे काढा, बहुतेक पट्टा लागंल. तिथं बाकावर एक पोरगी बसली होती पट्टा घालून. काखेपासून कमरेच्या खालपर्यंत, टणक, पाटीसारखा. दिवसातले अठरा तास घालायचा म्हणाली, वाढ थांबेस्तोवर.

एक्स-रे काढला न्हाय. घरी येऊन कागद घेतला आणि त्या पट्ट्यावरून कुर्ता कापून बघितला. चार तऱ्हांनी कापला. न्हाय लपत तो, अंजू. लपला असता तर मी दुसऱ्याच दिवशी घातला असता तिला.

आता तू एवढी मापाची पोर, माझ्या कडेवर वाढलीस. माझा खांदा कधी बघितलास?

माझापण डावाच. तेराव्या वर्षी माझ्या आईनं मला मशीनवर बसवलं आणि म्हणाली, शांता, परक्याच्या हातात माप देऊ नको. मला वाटलं लाजंची गोष्ट सांगतीय. कापायला शिकले तेव्हा कळलं कशाची ते. लग्नातला ब्लाउज मीच शिवला. सतरा वर्षं झाली, सासूबाईंना माहीत न्हाय. दाजींनी एकदा विचारलं, तेव्हा लहानपणी पडले होते म्हटलं. पुन्हा विचारलं न्हाय. दोन लेकी झाल्या, संसार झाला, गावातली प्रत्येक नवरी माझ्याच हातचा ब्लाउज घालून बोहल्यावर गेली. काय अडलं माझं?

पट्टा घातला की गावाला दिसतो. दिसला की बायका विचारतात, हे कुणाकडून आलं. मग पोरीला सोडून आईच्या पाठीकडं बघतात. तिच्या मागं शुभांगी आहे. तिला वाकवून बघायची माझी अजून हिंमत झाली न्हाय.

तू दाजींना सांगणार आहेस का, एवढं खरं सांग. सांगणार असशील तर मी येऊन प्रियाला घेऊन जाते, वर्ग अर्धा राहिला तरी राहू दे.

तुझा राग आलाय. जेवायला येशील तेव्हा वाढीन, पण बोलणार न्हाय.

तुझी,
शांताक्का


उमरगा
शुक्रवार, १६ मे

ती. शांताक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बुधवारी मिळाले. तुमचा खांदा मला कधीच दिसला नाही. इतकी वर्षे तुमच्यासमोर बसून मी फक्त तुमचे हात पाहिले.

दाजींना मी सांगणार नाही. ते सांगणे तुमचे आहे.

शिवप्रियाला मात्र कळले आहे. कसे ते लिहिते, म्हणजे माझ्याकडे बोट दाखवण्याआधी तुम्हाला पूर्ण माहिती असेल.

तुम्ही म्हणाला तसा सोमवारी ब्लाउज घेतला, प्रत्येकीने स्वतःच्या मापाचा. आपण सगळे करतो तसेच मुलींनी केले: कागद मधोमध दुमडला, अर्ध्यावर आखणी केली आणि दोन्ही बाजू एकदम कापल्या. शिवप्रियाचा ब्लाउज कच्च्या शिलाईत उजवीकडे ओढला गेला आणि डावीकडे सैल पडला. तिने तो उसवून पुन्हा कापला. पुन्हा तेच. बुधवारी तिने कागद दुमडलाच नाही. पूर्ण पसरला, मधली रेघ मारली आणि माझ्याकडून मागून घेतलेल्या वहीतली दोन मापे घेऊन दोन बाजू वेगवेगळ्या आखल्या. तो ब्लाउज गादीशिवाय बसला. वर्गात इतका नेमका दुसरा कोणाचा बसला नाही.

मग ती माझ्याकडे आली आणि म्हणाली की आईचे कपडे तिला नेहमीच बरोबर बसतात, म्हणजे आई पहिल्यापासून पूर्ण कागद पसरून कापत असणार. तिने विचारले, हे वाढते आहे का. त्याला मी हो म्हटले. तेवढेच मी सांगितले आहे. बाकीचे आईला विचार म्हटले, तर म्हणाली की आईला विचारले तर आई अजून एक थर घालेल.

मंजुषाला तिने स्वतःच जाऊन सांगितले की तुझे माप बरोबर होते. मी अडवले नाही.

तुम्ही विचारता, काय अडले. मशीनवर तुम्ही अर्धा ताससुद्धा सलग बसत नाही. उठता आणि दाराच्या चौकटीला पाठ टेकून उभ्या राहता. लहानपणी मला वाटायचे, तुम्ही दाजींची वाट पाहता. तुमचा बाक जिथे थांबला तिथेच तिचा थांबेल असे धरून चालायला माझ्याकडे काही आधार नाही. तुमच्याकडेही नाही. तुमच्याकडे तीन आकडे आहेत आणि तिन्ही वाढते आहेत. एक्स-रे काढल्यावर पट्टा लागेल किंवा लागणारही नाही. लागला तर त्यावरून काय घालायचे ते शिवप्रिया आणि मी पाहू. तिला तो लपवायचा आहे असे ती म्हणालेली नाही. तुम्ही चार तऱ्हांनी कापलेले कागद जपून ठेवले असतील तर तिला हवे आहेत.

सोलापूरला सोमवार, २६ मे, सकाळी अकराची वेळ घेतली आहे. शिवप्रियाच्या नावाने, तिच्या संमतीने. तपासणीसाठी आई किंवा वडील यांची सही लागते, मावशीची चालत नाही. आम्ही दोघी उमरग्याहून सातच्या गाडीने निघू. वर्ग शनिवारी, २४ मेला संपतो आहे, तुम्ही रविवारी मुक्कामाला आलात तर सोयीचे होईल. शुभांगीलाही आणा. घरी काय सांगून निघायचे ते तुम्ही ठरवा. मी कोणापुढे ते खोडणार नाही.

बोलला नाहीत तरी चालेल. मोठ्यांना नमस्कार, तुमच्या मायेवर अजूनही हक्क आहे असे मानते.

येणार की नाही, ते गुरुवार, २२ मेपर्यंत कळवावे.

तुमची,
शिवांजली