कल्हईचं पदक

लातूर, १० सप्टेंबर १९९५

प्रिय मित्र जिलानी यास,
शिवलिंगचा स.न.वि.वि.

इकडं सगळे खुशाल. दुकान पोरगा बघतो, मी गल्ल्यापाशी बसून त्याच्या चुका काढतो. सरजाबाईचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे.

आता कामाचं. परवा लेकीचं, महानंदाचं पत्र आलं. तिच्या स्वप्नालीला म्हणे नांदेडच्या एका क्लासवाल्यानं बोलावून घेतलं. अकरावी-बारावीची शिकवणी फुकट, पळायला खिळ्यांचे बूट, रोजचं दूध. बदल्यात पोरीनं शर्यतीत त्याच्या क्लासचं नाव छापलेली बनियन घालायची आणि चौकात आपला फोटो लावू द्यायचा. लेक म्हणते, नाना हो म्हणाले तरच. दिवाळी झाली की उत्तर द्यायचं आहे.

मी नाही म्हणणार आहे. तुला माझं ठाऊक आहे. खेळ हौसेचा असतो. ज्या दिवशी पळण्याचं काही घेतलं त्या दिवशी तो धंदा झाला, आणि धंदेवाईक खेळाडूला ऑलिंपिकचं दार बंद. माझ्याकडच्या पुस्तकात स्वच्छ छापलं आहे. अमेरिकेचा तो आदिवासी गडी, एकाच ऑलिंपिकात दोन सोन्याची पदकं जिंकला. आधी कधी सुट्टीत चार पैसे घेऊन चेंडू खेळला होता म्हणून दोन्ही काढून घेतली. उद्या आपल्या पोरीचं असं झालं तर?

हसू नकोस. ऑलिंपिक कुठं आणि स्वप्नाली कुठं, असं सरजाबाईपण म्हणाली. पण माझ्या काचेच्या कपाटात चार पदकं आहेत. जिंकलेल्यांची नाहीत, ती आपल्याला कोण देतो! तिथं जो जो खेळायला गेला त्या प्रत्येकाला देतात ती, काशाची. तीन मी पत्रं लिहून, विनवण्या करून, हैदराबादच्या जुन्या बाजारात धूळ खाऊन मिळवली. चौथं तुझ्या मुज्तबाभाईचं, मेलबर्नच्या ऑलिंपिकचं. ते गेल्यावर तू माझ्या हवाली केलंस ते. मधल्या मखमलीवर तेच ठेवलं आहे. दुकानात बसून कंटाळा आला की त्याच्याकडं बघतो. असा निखळ माणूस पुन्हा व्हायचा नाही.

तू रोज सकाळी स्टेडियमवर फिरायला जातोस, पोरगी तुझं ऐकते. तिला समजाव.

भांडण वाढलं तरी चालेल, माया कमी करू नकोस.

तुझा
शिवलिंग


नांदेड, १९ सप्टेंबर १९९५

शिवलिंगसेठ यांस,
जिलानीचा सलाम आणि स.न.वि.वि.

तुझं पत्र वाचलं, आलियाला वाचून दाखवलं. ती माझी सून असली तरी तुझी बाजू घेईल असं वाटलं होतं. तीपण हसली.

अरे बाबा, तू आणि मी मुरुडच्या जत्रेत कुस्त्या बघायला जायचो, विसरलास? पहिली कुस्ती नारळावर, शेवटची चांदीच्या कड्यावर. मधल्या पहिलवानांच्या फेट्याला लोक नोटा खोचायचे. त्यातला कोणता पहिलवान हौशी आणि कोणता धंदेवाला, हे तेव्हा आपल्याला कुणी विचारलं नाही. नारळापर्यंत हौस आणि कड्यापासून धंदा, असं तुझ्या पुस्तकात लिहिलं आहे काय?

आणि तुझं पुस्तक शिळं झालं. त्या अमेरिकेच्या गड्याची पदकं सत्तर वर्षांनी त्याच्या लेकरांना परत दिली. तीन वर्षांमागं बार्सिलोनात अमेरिकेचे लखपती बास्केटबॉलवाले उघड खेळले. साऱ्या जगानं टीव्हीवर पाहिलं. तू टीव्हीवर फक्त बातम्या लावतोस आणि त्यातही झोपतोस.

पोरीचं सांगतो. रोज उजाडायच्या आत येते. कापडी बूट हाय, उजव्याचा तळ सुटला. सुतळीनं बांधून पळून राहिली. वळणावर सुतळी ढिली होते, मग थांबून बांधते, परत पळते. मी घड्याळ धरून बसतो. मधेच थांबल्यावर ते घड्याळ काय कामाचं? मी बूट घेऊन देतो म्हणालो, तर नको म्हणाली. फुकटचं काही घ्यायचं नाही म्हणाली. आता तू तिला समजाव, का मी?

सरजावहिनींना सलाम. तुझा राग आला तरी टपालानं पाठव, पोटात ठेवू नको.

तुझा
जिलानी


नांदेड, २६ सप्टेंबर १९९५

तीर्थरूप नानांस,
स्वप्नालीचा शि.सा.न.वि.वि.

आईची तब्येत बरी आहे. वसतिगृहातलं स्वयंपाकाचं काम वाढलंय, नव्या मुली आल्या. ती तुम्हाला वेगळं लिहिणार नाही. म्हणते, तूच लिही आणि नानांना उलटं बोलू नको. म्हणून सरळच लिहिते.

जिलानीआजोबांनी तुमचं पत्र मला वाचायला दिलं. रागावू नका, मीच मागितलं.

नाना, चार दिवसांनी भूकंपाला दोन वर्षं होतील. बाबा त्यात गेले, त्यानंतर आमच्या अंगावरचं सगळं कुणी ना कुणी दिलेलं होतं. पत्र्याची खोली दिली, भांडी दिली, कपडे दिले. मला मिळालेल्या फ्रॉकच्या आत पट्टी शिवलेली होती, त्यावर मुंबईच्या कुणा पोरीचं नाव. मी तो घालून शाळेत जायचे. पोरी मला त्याच नावानं चिडवायच्या. लोक चांगले होते, मी त्यांना वाईट म्हणत नाही. पण रांगेत उभं राहून घेताना आई खाली बघायची. अजून कुणी काही द्यायला लागलं की ती तशीच खाली बघते.

क्लासच्या सरांनी मला गरीब म्हणून बोलावलं नाही. जिल्ह्याच्या शर्यतीत मला पळताना बघून बोलावलं. त्यांना फोटो पाहिजे, मला बूट पाहिजेत. बनियनवर नाव दुसऱ्याचंच राहील, मला माहीत आहे. दोन वर्षं दुसऱ्याचं नाव घालून फिरले ना मी? ते फुकट होतं. हे मी पळून घालणार.

तुम्ही नाही म्हणालात तर मी घेणार नाही, सुतळी आहेच. फक्त हौस म्हणजे काय ते मला समजावून सांगा. मला पळायला आवडतं, बूट घातल्यावर कमी आवडेल का?

आजीला नमस्कार. तुमचा हात डोक्यावर असू द्या.

तुमची
स्वप्नाली


लातूर, ५ ऑक्टोबर १९९५

प्रिय जिलानी यास,
शिवलिंगचा स.न.वि.वि.

हे पत्र लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. पोरीच्या पत्राला अजून उत्तर दिलं नाही. ती विचारते त्याचं उत्तर माझ्या पुस्तकात नाही. पण आज लिहितो आहे ते वेगळंच.

खंडेनवमीला आम्ही तराजू, मापं, कात्री पूजेत मांडतो. सरजाबाईच्या मनात आलं की लोक हत्यारं पूजतात, तर यांचं हत्यार म्हणजे ही पदकं, तीपण मांडू. चांगल्या मनानं केलं तिनं. मी दुकानात होतो. चारही काढली, चिंचेनं घासायला पितळी परातीत ठेवली. तेवढ्यात गल्लीत कल्हईवाला आला, लिंबाखाली भट्टी लावून बसला. सणासुदीची बायकांची झुंबड. सरजाबाईनं तीन पदकं घासून बाजूला घेतली होती, चौथं परातीतच राहिलं. शेजारच्या सुनेनं पातेली, तांबे, परात, सगळं उचलून नेऊन दिलं. कल्हईवाल्यानं डब्याचं झाकण समजून तेपण तापवलं, नवसागर टाकला, कथील फिरवलं, कापसानं पुसलं.

जिलानी, ते चौथं मुज्तबाभाईचं होतं.

मी घरी आलो तर पूजेत ते चांदीसारखं चमकत होतं. सरजाबाईला वाटलं मी खूश होईन. माझा चेहरा बघून ती रडली. आता मीच तिला समजावून राहिलो.

रांगेत चालणाऱ्या खेळाडूंचं चित्र त्यावर आहे ना, ते अजून दिसतं, पण बुजल्यासारखं. इथल्या सोनाराला विचारलं. कथील उतरवता येईल म्हणाला, पण घासताना चित्रपण जाईल. माझ्या भरवशावर दिलेली तुझ्या भावाची वस्तू मी बाटवली. तू म्हणशील ते करतो. घासू म्हणालास तर घासतो, परत पाठव म्हणालास तर स्वतः घेऊन येतो.

एवढं लिहून थांबतो. दोस्ती ठेवायची का नाही ते तूच ठरव.

शिवलिंग


नांदेड, १३ ऑक्टोबर १९९५

शिवलिंगसेठ यांस,
जिलानीचा सलाम, वि.वि.

आधी वहिनींना सांग, जिलानी इतका हसला की खोकला लागला. काशाचं पदक चांदीचं झालं. भाईजानला जन्मभर कुणी बढती दिली नाही, ती कल्हईवाल्यानं दिली.

आता नीट ऐक. भाईजानला तू निखळ माणूस म्हणतोस. होतेच. तू त्यांना मैदानावर बघायचास, मी घरी बघायचो. अब्बा गेल्यावर आम्ही सात जणं खाणारी. भाईजान एका सरकारी खात्यात शिपाई होते, तुला ठाऊक आहे. पण त्या खात्याचं दार त्यांनी फक्त पगाराच्या दिवशी बघितलं. खात्याला फुटबॉलची टीम पाहिजे होती, म्हणून नोकरी. खेळ सुटला असता तर नोकरी गेली असती. कागदावर शिपाई, खरं काम चेंडूला लाथ मारायचं. त्या लाथेवर माझी फी भरली, बहिणींची लग्नं झाली. यात चोरी नव्हती. सगळ्या खेळाडूंचं तसंच होतं, सगळ्यांना माहीत होतं. फक्त तुझ्यासारखे कपाटवाले सोडून.

आणि एवढं असून पाऊस पडून गेल्यावर मैदानात चिखल झाला की भाईजान रिकाम्या दिवशीपण जायचे. एकटे. त्याला कोण पगार देत होतं?

तू बाटवली म्हणतोस. अरे, कल्हई लावली म्हणजे भांडं बाटतं काय? बिनकल्हईच्या पितळेत आमटी ठेवली की कळकते, कुणाच्या तोंडात घालता येत नाही. ते भांडं मग फळीवर मांडून बघायचं, तुझ्या कपाटासारखं. कल्हई लावली की त्यात घर जेवतं. भाईजानच्या खेळाला पगाराची कल्हई होती म्हणून आम्ही जेवलो.

घासू नको. राहू दे तसंच. कुठं ठेवायचं ते तू बघ. आणि पोरीला उत्तर दे. रोज माझ्याकडं टपालाची चौकशी करते, मला तिला तोंड दाखवायची लाज वाटून राहिली.

दोस्तीचं पुन्हा विचारशील तर लातूरला येऊन मारीन.

तुझा
जिलानी


लातूर, २७ ऑक्टोबर १९९५

चि. स्वप्नाली हिस,
नाना-आजींचे अनेक आशीर्वाद.

बाळे, उत्तराला उशीर झाला. म्हातारा माणूस शिकतो, पण हळू शिकतो.

क्लासवाल्या सरांना हो म्हणून सांग. बूट घे, दूध पी, बनियन घाल. आईला म्हणावं, नानांनी हो म्हटलं आहे, आता मान वर करून घ्यायचं. फोटो काढताना तोंड वाकडं करू नकोस, तुला ती सवय आहे. नांदेडला आलो की चौकातून जाताना मी तो बघणार आहे, आणि लोकांना ही आमची आहे असं सांगणारपण आहे.

तू विचारलंस, हौस म्हणजे काय. मला पूर्वी वाटायचं, काही घेतलं नाही म्हणजे हौस. आता वाटतं, सरांनी उद्या बूट परत मागितले तरी परवा पहाटे तू स्टेडियमवर दिसलीस, तर ती हौस. एवढंच मला कळलं. यापुढचं तुला पळता पळता कळेल, मग मला लिही.

सोबत डबीत एक पदक आहे. आजीनं कापसात गुंडाळलं आहे, तिच्या मनातलं ओझं उतरू दे. हे जिलानीआजोबांच्या भावाचं, त्यांना विचारून पाठवतो आहे. चमकतं म्हणून चांदीचं समजू नकोस, कल्हई आहे; का ते आजोबा हसत हसत सांगतील. हे जिंकल्याचं पदक नाही. तिथवर जाऊन खेळला, एवढ्याबद्दल देतात ते. डिसेंबरच्या राज्य शर्यतीत पहिली आलीस तरी आनंद, शेवटची आलीस तरी हे तुझ्याकडं आहेच.

कपाटातली मधली मखमल आता रिकामी आहे. आजी रोज तिकडं बघून सुस्कारा टाकते. म्हणून एक काम कर. नवे बूट आले की तो उजवा कापडी बूट टाकून देऊ नकोस. सुतळी सोडू नकोस, धुवूपण नकोस. तसाच जिलानीआजोबांजवळ दे, पुढच्या खेपेला ते घेऊन येतील. तिथं दुसरं काही बसणार नाही.

आईची काळजी घे. पळून दमलीस तरी दोन ओळी लिहीत जा.

तुझे
नाना

ता. क. बूट गल्लीत कल्हईवाल्याच्या हाती लागणार नाही, असं आजीनं देवापुढं कबूल केलं आहे.